मेपलवरच्या पांढऱ्या अळ्या

आमच्या कंपनीच्या चौकात जपानी मेपलची नऊ झाडं होती आणि त्यांना कीड लागली होती. माझे बाबा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आयटी पार्कात कामाला लागले, ते या कारणाने.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी त्या कंपनीत भाषांतराचं काम करायची. पुण्यात तेव्हा जपानी शिकायची लाटच आली होती. मीही आधीची नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या आणि तिशी उलटल्यावर त्या काचेच्या इमारतीत शिरले. आमची बरीचशी कामं जपानहून यायची. तिथल्या पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून की आमच्या डायरेक्टरसाहेबांना स्वतःलाच हौस म्हणून, कोण जाणे, पण तीन इमारतींच्या मधल्या चौकात मेपल लावायचं ठरलं. हिमालयाच्या बाजूच्या एका रोपवाटिकेतून झाडं ट्रकने आली. खांद्याइतकी उंच, मोठाल्या कुंड्यांत. पानं बोटं फाकलेल्या लहान पंजासारखी. वर हिरवी जाळी ताणली, कडेने धुक्यासारखं पाणी उडवणारे नळ बसवले. पहिल्या वर्षी ती झाडं बघायला शेजारच्या कंपन्यांतले लोक यायचे. दुसऱ्या वर्षी पानं चिकट झाली, मग काळी पडली, मग गळायला लागली.

बागेचं काम एका कंत्राटदाराकडे होतं. दर शनिवारी त्याचा माणूस पाठीवर पंप घेऊन यायचा आणि फवारून जायचा. सोमवारी चौकात उग्र वास भरलेला असायचा. जेवणानंतर तिथे बसणारे लोक आत बसू लागले. एकदा आमचे फॅसिलिटी मॅनेजर लिफ्टमध्ये कुणाला तरी सांगत होते, की आता ही झाडं काढूनच टाकावी लागणार. मी न राहवून म्हटलं, "माझे वडील कीटकशास्त्राचे आहेत. एकदा दाखवू का त्यांना?"

खरं सांगायचं तर मला झाडांची कळकळ नव्हती. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा दिवसभर एकटे असायचे. सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, मग गॅलरी. मी संध्याकाळी घरी आले की ते मला समोरच्या बांधकामावर दिवसभरात काय काय झालं ते सांगायचे. कितवा स्लॅब पडला, कोणता मुकादम कुणावर ओरडला. ज्या माणसाने सदतीस वर्षं कृषी खात्यात आणि कॉलेजात किडी ओळखण्यात घालवली, त्याच्या तोंडून स्लॅबच्या गोष्टी ऐकताना मला कसंतरी व्हायचं.

बाबांच्या ओळखण्याबद्दल सांगायला हवं. आजोबा दारूगोळा कारखान्यात कामगार होते. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाबा वीस वर्षांचे होते, शेतकी कॉलेजात शिकत होते. आमच्या घराण्यात शेतीचा तुकडा नव्हता. वर्गात एकजण त्यांना म्हणाला होता, "तुम्हाला शेतीतलं काय कळणार?"  बाबांनी भिंग विकत घेतलं. मग चाळीसेक वर्षं अशी गेली की जिल्ह्याजिल्ह्यांतून काचेच्या नळ्यांत किडे यायचे आणि बाबांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की ते शेवटचं. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, तुमचं कधीच चुकलं नाही?" तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं एकट्याचं चुकतं. आपलं चुकलं तर आपल्या सगळ्यांचं धरतात. मी चुकायला मोकळा नव्हतो." हे त्यांनी जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं. आवाजात काही नव्हतं.

तर पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवला. मॅनेजर घाईत होते.

"सर, स्प्रे कोणता बदलायचा तेवढं सांगा."

"सध्या कशावर मारताय?"

"किडीवर."

"कोणत्या?"

"म्हणजे... जी आहे त्या किडीवर."

"डॉक्टर म्हणाला, तुम्हाला काहीतरी झालंय, त्यावर काहीतरी देतो, तर घ्याल का आपण?"

मॅनेजर हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पांढरा कागद काढला, एका फांदीखाली धरला आणि फांदीला टिचकी मारली. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि चालायला लागले. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. "हा लाल कोळी. हा कीटक नाहीच, आठ पाय आहेत याला. तुमच्या औषधाने हा मरत नाही. याला खाणारे मरतात आणि याचं फावतं. तुम्ही दर शनिवारी याची सोय करताय."

मग पानांच्या करपलेल्या कडा दाखवल्या. "हे किडीचं काम नाही. पाणी बोअरचं आहे ना? क्षार आहेत त्यात. शिवाय वर काचा, त्यांच्यावरून उलटं येणारं ऊन. हे झाड थंडीतलं आहे. त्याला इथे आणलंय ते आणलंय, निदान जे त्याने केलं नाही त्यासाठी विष तरी पाजू नका."

शेवटी फांद्यांच्या बेचक्यांत कापसाच्या बारीक बोळ्यांसारखं काहीतरी होतं, ते त्यांनी काडीने उचललं. पिठ्या ढेकूण. रस पितो आणि गोड चिकट पाणी टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते. पानं काळी झाली होती ती त्यामुळे. कंत्राटदाराकडे कामाला एक पन्नाशीच्या बाई होत्या, पार्काला लागून असलेल्याच गावातल्या. त्या इतका वेळ झाडू धरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, मुंग्या खोडावरनं वर निगाल्यात बगा. उगा चढत न्हाईत त्या. वर कायतरी गोड हाय."

बाबा वळले. "बरोबर. मुंग्या त्या किड्यांची राखण करतात, गोडासाठी. हे इथे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही किती शिकलात?"

"चौथी."

"पुरेसं आहे," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले. सकाळी आम्ही दोघं धायरीहून स्वारगेटला यायचो, तिथून कंपनीची बस. बसमध्ये सगळे कानात गाणी अडकवून झोपलेले. बाबा मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसायचे. मंगळवार आला की ते पाचला उठून दाढी करायचे. त्यांच्यासाठी पुढे कायमचा पास झाला, फोटोसकट. तो ते घरी आल्यावर आईच्या फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवायचे.

पंप बंद झाला. दिवसाआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, त्याने कोळी धुऊन जातात. दाट फांद्या विरळ करायच्या. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावायचं, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पिठ्या ढेकणाला कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावायचं, एकेका बेचक्यात, हाताने. झाडांचं पाणीही बदललं; मॅनेजरांनी पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरून वेगळी जोडणी करून दिली. हे सगळं बाबा सांगायचे आणि बाई करायच्या, आणि थोड्याच दिवसांत बाबांनी सांगायच्या आधीच करायच्या. बाबा त्यांना 'बाई' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. त्या मला एकदा म्हणाल्या, "तुमचे वडील झाडासंगं बी आपन म्हनूनच बोलत्याल."

विषाचा अंमल उतरल्यावर, दोनेक महिन्यांनी, बाबांनी द्राक्षवाल्यांसाठी मित्रकिडे वाढवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून दोन डब्या मागवल्या. आत बारीक काळपट भुंगे होते, डोकं नारिंगी. ते पिठ्या ढेकूण खातात, पण त्यांच्या अळ्या त्याहून जास्त खातात. या अळ्यांचं एक आहे. त्या हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्याच दिसतात. पांढऱ्या, अंगावर मेणाच्या झालरी. मुंग्याही फसतात आणि त्यांना हाकलत नाहीत.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी आठनऊ वर्षांची असताना बाबा घड्याळाच्या काचेत दोन पांढरे ठिपके ठेवायचे आणि विचारायचे, "यातला आपला कोणता?" मी बघत राहायची. "नुसतं रूप बघू नकोस. चाल बघ. जो पळतो तो आपला. दुसरा जागेवर बसून खातो, त्याला पळायची गरजच नाही." मी बरोबर सांगितलं की ते काच उन्हात धरायचे आणि आम्ही दोघं त्या पळणाऱ्याकडे बघत बसायचो.

त्या हिवाळ्यात झाडं सावरली. फेब्रुवारीत नवी पानं फुटली, तांबूस. जपानहून जे पाहुणे आले त्यांत एक साठीचे गृहस्थ होते. मीटिंग संपल्यावर ते एकटेच चौकात उभे राहिले आणि एका झाडाच्या खोडाशी वाकून काहीतरी बघू लागले. बाबा तिथे होते. मी दुभाषी म्हणून मधे उभी राहिले.

"ते काय शोधतायत विचार," बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरच्या अंगणात मेपल होता, आणि दर उन्हाळ्यात त्यांची आई त्यांना खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलाय का ते बघायला पाठवायची. भुसा दिसला तर आत अळी आहे. लांब मिशांचा एक भुंगा सालीत अंडी घालतो आणि त्याची अळी खोड आतून पोखरते. त्यांनी त्याचं नाव सांगितलं, कामिकिरिमुशी. बाहेरून झाड चांगलं दिसतं, आणि एक दिवस वाऱ्याने मोडतं.

"आमच्याकडे आंब्याला तसाच असतो," बाबा म्हणाले. "भिरूड. तार घालून काढावा लागतो."

मी सांगितल्यावर पाहुणे एकदम उजळले. "तार! आई तारच घालायची."

पुढचा अर्धा तास ते दोघं एकमेकांना हातांनी भुंग्यांची लांबी दाखवत होते. माझी फारशी गरज पडली नाही. निघताना पाहुणे बाबांपुढे कमरेतून वाकले. बाबांनी हात जोडले आणि तेही वाकले, जरा जास्तच. बसमध्ये परत येताना ते वाटभर बोलत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर पिठ्या ढेकूण पुन्हा दिसायला लागला. बाबा म्हणाले, होतं असं, थंडीत भुंगे मंदावतात. आणखी दोन डब्या आल्या, सोडल्या. पण कीड कमी होईना. बाबा स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन स्वतः बसू लागले. बाईंना म्हणाले, बारीक काम आहे, मी करतो.

त्याच सुमारास घरी काही गोष्टी होत होत्या आणि मी त्यांना नाव देत नव्हते. बाबा पेपर तिरका धरायला लागले होते. शर्टाचं एक बटण चुकलेलं असायचं. एकदा म्हणाले, "या दाराची चौकट वाकलीय, सुताराला बोलव." चौकट सरळ होती. मी म्हटलं, बोलावते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं वाटलं, आणि त्या महिन्यात माझ्याकडे एक मोठं भाषांतर होतं.

एका शुक्रवारी चहाच्या वेळी मी चौकात उतरले. बाबा स्टुलावर बसले होते. हातात चिमटा, शेजारी स्पिरिट भरलेली काचेची बरणी. "बघ," म्हणाले, "किती निघाले. सकाळपासून चार झाडं झाली."

मी बरणी उचलून उजेडात धरली. तळाशी पांढरा थर होता. त्यात काही पिठ्या ढेकूण होते. बाकीचे लांबट होते, झालरी मोठ्या, आणि वर, नुकत्याच टाकलेल्या दोनतीन जणांचे सहा पाय अजून हलत होते. मी झाडाकडे बघितलं. एका फांदीवरून एक पांढरा ठिपका भराभर चालला होता. बाबांचा चिमटा त्याच्यामागे गेला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा त्याने त्याला पकडलं.

"फार वाढलेत," ते म्हणाले.

मी "हो" म्हटलं.

फक्त "हो". त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा, हा आपला आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे ते आठवं-नववं वर्ष आलं, ती घड्याळाची काच आली, आणि जेवताना सांगितलेलं ते वाक्य आलं. वाटलं, हे मी यांना या चौकात, या लोकांसमोर कसं सांगू? घरी सांगेन. घरी गेल्यावर वाटलं, रविवारी सांगेन.

सोमवारी बाई मला जिन्यात भेटल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ताई, सायबांना दिसत न्हाई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"म्हैना झाला आसंल. आपलेच किडे येचत्यात. म्या एकदा म्हनलं, सायेब, ह्यो पळतोय. तर म्हनले, वाऱ्यानं हलला. मग म्या गप बसले."

मी त्यांना म्हटलं, मी बघते काय करायचं ते. आणि मी काय केलं, तर त्या विद्यार्थ्याला फोन करून आणखी डब्या मागवल्या. त्या आल्या की बुधवारी, बाबा नसताना, बाई आणि मी भुंगे झाडांवर सोडायचो. शुक्रवारी बाबा यायचे आणि त्यांच्या अळ्या वेचायचे. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचं मी दोनदा काढलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पाहुण्यांचं होऊ दे."

कारण पाहुणे फेब्रुवारीत पुन्हा येणार होते. मॅनेजरांनी सांगून ठेवलं होतं, जानेवारीअखेर झाडं सुधारली नाहीत तर पंपवाल्याला बोलवावं लागेल. हे ऐकल्यापासून बाबा बुधवारीही यायला लागले. मग भुंगे सोडायला आम्हाला दिवसच उरला नाही. ते सकाळी नऊला बसायचे ते चारपर्यंत. मान दुखायची, रात्री मी तेल चोळून द्यायची. चोळताना मी कितीदा तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल. एकदा ते म्हणाले, "हात का थांबला?" मी पुन्हा चोळायला लागले.

ती बरणी बघितल्याला असे तीन आठवडे झाले.

त्या दिवशी सकाळचं ऊन चौकात तिरपं आलं होतं. मी त्यांना डबा द्यायला खाली गेले होते. बाई पलीकडे नळी गुंडाळत होत्या. बाबांनी फांदी वाकवली आणि वरून एक अळी त्यांच्या मनगटावर पडली. त्यांनी दुसऱ्या हाताने चिमटा उचलला आणि मग तसेच थांबले. अळी मनगटावरून कोपराकडे निघाली होती. बाबांनी डोळे मिटले. ती शर्टाच्या बाहीपर्यंत गेली, बाहीला वळसा घालून पुन्हा खाली आली. डोळे मिटूनच ते म्हणाले, "हा पळतोय."

मी डबा खाली ठेवला.

त्यांनी चिमटा बरणीशेजारी ठेवला. हात फांदीला टेकवला आणि अळी उतरून जाईपर्यंत धरून ठेवला. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"बाई, तुम्हालाही?"

बाईंनी नळी खाली ठेवली. "सायेब, तुमास्नी कसं सांगायचं वो?"

"सांगितलं होतंत तुम्ही," बाबा म्हणाले. "मी म्हटलं वाऱ्याने हलला." मग माझ्याकडे तोंड करून, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत, म्हणाले, "बरणीत साधारण किती असतील? आपले?"

"माहीत नाही, बाबा."

"मोजले नाहीस?"

"नाही."

"मोजायला हवे होते."

ते उठले. मला वाटलं घरी जाऊ म्हणतील. पण ते भिंतीला हात लावत मॅनेजरांच्या केबिनकडे निघाले. मी मागे गेले. मॅनेजर फोनवर होते, त्यांनी खुणेने बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत. फोन संपल्यावर म्हणाले, "माझी ओळखण्यात चूक झाली. गेले दोन महिने मी कीड खाणारे किडे मारत होतो. झाडांची ही अवस्था माझ्यामुळे आहे. यात बाईंची काही चूक नाही, त्यांनी मला सांगितलं होतं."

मॅनेजर गोंधळले. "अहो सर, असू दे. किडे काय, सगळे सारखेच दिसतात."

बाबांनी गळ्यातला पास काढला आणि टेबलावर ठेवला. "सारखे दिसत नाहीत," ते म्हणाले.

परतीची कंपनीची बस संध्याकाळी होती. आम्ही साध्या बसने निघालो. मी खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी धरली, पण ते पुढे जाऊन दुसऱ्याच कुणाच्या शेजारी बसले. स्वारगेटला उतरल्यावर मी हात धरायला गेले तेव्हा त्यांनी धरू दिला. रस्ता ओलांडायचा होता, तेवढ्यापुरता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही पडद्यांचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं, सरळ रेघा वाकड्या दिसतात. औषध नाही, ऑपरेशन नाही. "पूर्ण अंधार येणार नाही, आजोबा," ते म्हणाले, "पण बारीक काम आता विसरा." बाबांनी विचारलं, "हे किती दिवसांपासून असेल?" डॉक्टर म्हणाले, "वर्ष, दीड वर्ष तरी." बाबा हिशेब करत असावेत, जपानी पाहुण्यांबरोबर बोलले तेव्हा दिसत होतं की नाही याचा. त्यांनी तसं विचारलं नाही, आणि मीही नाही.

चौकात पंप परत आला. पाहुण्यांच्या वेळी झाडं हिरवी दिसली. एप्रिलमध्ये लाल कोळी इतका वाढला की फांद्यांवर जाळ्या दिसू लागल्या. जूनपर्यंत सात झाडं वाळली. उरलेल्या दोनांतलं एक बाईंनी मागून घेतलं आणि गावी घराच्या पाठीमागे सावलीत लावलं. पावसाळाभर ते तगलं. मग त्या म्हणाल्या, बुंध्याशी भुसा पडाय लागला. त्यांनी तार घातली, पण उशीर झाला होता. चौकात शोभेचे पाम आले. त्यांना काही होत नाही. त्यानंतर वर्षभरात मी ती नोकरी बदलली.

बाबा आणखी सात वर्षं जगले. रागावले म्हणावं तर एकदाही रागावले नाहीत. किडींबद्दल मात्र बोलले नाहीत. जुने विद्यार्थी फोन करायचे, कुणी घरी यायचे, तेव्हा ते प्रकृतीचं बोलायचे, हवेचं बोलायचे. त्यांचं भिंग मी एकदा पुसून टेबलावर ठेवलं, तर त्यांनी ते चाचपून ओळखलं आणि खणात टाकलं.

वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी पेपर, संध्याकाळी धम्मपदातली काही पानं, आलेली पत्रं, औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा. मी मन लावून वाचायची. काही महिन्यांनी शेजारच्या ब्लॉकमधले निवृत्त पोस्टमास्तर मला जिन्यात भेटले. सहज म्हणाले, "तुमच्या वडिलांना वाचनाची भारी गोडी हो. सकाळी तुम्ही गेलात की पेपर घेऊन येतात माझ्याकडे. तोच पेपर. काल तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा रिपोर्टसुद्धा वाचायला लावला."

तो रिपोर्ट मी त्यांना आदल्याच दिवशी वाचून दाखवला होता. डाव्या डोळ्याबद्दलचं एक वाक्य मी गाळलं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, कारण समोर जाऊन विचारायचं धैर्य नव्हतं. "बाबा, माझ्यावर विश्वास नाही का?"

मी कढईतली भाजी हलवत राहिले.

"आहे की," ते म्हणाले. "पण तू मला वाईट वाटू नये म्हणून वाचतेस. ते वेगळं."

मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि रिपोर्ट काढून ते वाक्य वाचलं. त्यांनी मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला, अंदाजाने, खांद्याच्या जरा खाली. "भाजी लागेल," म्हणाले, "जा."

त्यानंतर मी काहीच गाळलं नाही. सगळं वाचलं, शेवटच्या आजारातले कागदसुद्धा, शब्दन् शब्द. पण ते पोस्टमास्तरांकडे जायचे थांबले नाहीत. चालता येईनासं झालं तेव्हा पोस्टमास्तर आमच्याकडे यायला लागले. दुपारी, मी कामावर असताना. संध्याकाळी आल्यावर मला कळायचं, पेपराची घडी बदललेली असायची.